चप्पल घालता घालता

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस दिसत नाही, नुसत्या चपला दिसतात. केजच्या बसस्टँडमागची गल्ली, बाजाराचा दिवस, सकाळचे दहा. दोन पायऱ्या, आणि त्यांच्या खाली पस्तीस-चाळीस जोड: टायरच्या वहाणा, रबरी स्लिपरा, आणि एक एकटाच निळा प्लास्टिकचा बूट, ज्याचा जोडीदार कुत्र्याने पळवलेला. डाव्या अंगाला सीताफळांचा गाडा, उजव्या अंगाला पंक्चरचं दुकान. मधोमध हिरवा दरवाजा. दरवाज्यातून कंपाउंडर बजरंगचा आवाज येतो, "एका पेशंटसंग एकच माणूस! सगळी वाडी आत आणू नगा!" आणि त्याच्याही आतून, खालच्या पट्टीत, दुसरा आवाज, "बरं, झालं तुमचं? उठा मग. निघा आता."

हा दुसरा आवाज सत्तार डॉक्टरांचा. बावन्न वर्षं त्यांनी माणसांना असं उठवून दाराकडे पिटाळलं, आणि बावन्न वर्षं माणसं त्याच दाराशी पुन्हा चपला काढत राहिली.

डॉक्टर गेले त्याला आता चार महिने होतील. गावाने त्यांचा मोठा फ्लेक्स लावला. त्यावर डॉक्टर हसताना दाखवलेत, म्हणजे फोटो दुसऱ्या कुणाचा तरी असावा असं वाटतं. खाली ठळक अक्षरात छापलंय, की शेवटच्या क्षणी डॉक्टरसाहेब म्हणाले, 'माझ्या केजच्या जनतेला सांभाळा.' मी तिथेच चौकात उभी राहून कपाळाला हात लावला. अहो, या माणसाने जन्मात 'जनता' हा शब्द उच्चारला नाही. त्याच्याकडे जनता कधी आलीच नाही. खोकला आला, जुलाब आले, बाळंतीण आली, सुग्रीवची शेळी आली. फ्लेक्स छापणाऱ्या हरिओमला मी विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं रे?" तर म्हणतो, "मावशी, मोठी मानसं शेवटाला असंच बोलत असतेत की."

मोठी माणसं शेवटी कशी बोलतात हे मला सांगतोय! मी तीस वर्षं रंगमंचावर मेले आहे. कधी विष पिऊन, कधी तलवारीने, एकदा नाग चावून. म्हणून हे लिहायला बसले. डॉक्टर शेवटी जे बोलले ते मला माहीत आहे, कारण ते माझ्याशीच बोलले. आणि ते आठवलं की आजही मला त्यांचा असा राग येतो, की समोर असते तर हातातलं भांडं फेकून मारलं असतं. पण आधी सगळं क्रमाने सांगते.

सत्तार बागवान हे डॉक्टरांचं नाव. वडील केजच्या बाजारात फळं विकायचे. सीताफळाच्या मोसमात बालाघाटच्या डोंगरातून पाट्या यायच्या, त्या उतरवता उतरवता हा मुलगा शिकला, औरंगाबादला जाऊन डॉक्टर झाला आणि परत आला. लोक म्हणायचे, एवढं शिकून इथे कशाला राहील, जाईल पुण्याला. तो कुठेच गेला नाही. वडिलांच्या दुकानाचा मागचा भाग रिकामा केला, टेबल टाकलं आणि बसला. पुढे पाच-सहा वर्षं पेशंट आधी केळी घ्यायचे आणि मग नाडी दाखवायचे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात. वत्सलाबाईंचा तमाशाचा फड जत्रेसाठी केजजवळ उतरला होता. मी सव्वीस वर्षांची, फडातली पहिली गाणारी, आणि माझा आवाज बसलेला. वत्सलाबाई म्हणजे आमच्या मालकीण. त्यांनी मध चाटवला, ज्येष्ठमध चघळायला लावलं, शेवटी वैतागून म्हणाल्या, "जा बाई, सुई टोचून ये एक. उद्या वग आहे." तेव्हा आमची पक्की समजूत होती, की सुई टोचली म्हणजे दुखणं बरं झालंच पाहिजे.

डॉक्टर तेव्हा तेहतीस वर्षांचे, बारीक, कोरडे. घसा बघितला, छातीला नळी लावली. विचारलं, "अजून काय?" मी म्हणाले, "काही नाही, घसाच." पुन्हा विचारलं. पुन्हा मी तेच. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "बरं. निघा मग."

ना सुई, ना पुडी! मी फणकाऱ्याने उठले. फडातल्या बाईला डॉक्टर असं हाकलतो म्हणजे काय! दारात आले, एक पाय चपलेत घातला, आणि का कोण जाणे, वळून म्हणाले, "थुंकीत जरा लाल येतंय म्हणा. पण ते पानाचंच असंल."

आम्ही फडातल्या बायका पान खायचो, दिवसाला पंधरा-वीस. ओठ लाल, दात लाल, पिंक लाल. सहा महिने माझ्या थुंकीतून रक्त येत होतं आणि मी ते विड्याच्या नावावर खपवत होते. वत्सलाबाईंनी पाहिलं होतं, माझ्या बरोबरीच्या पोरींनी पाहिलं होतं. सगळ्यांनी कात बदलायचा सल्ला दिला होता.

डॉक्टरांनी टोपण काढलं. "आता आत या," म्हणाले. "चप्पल राहू द्या तिथंच."

क्षय निघाला. फड पुढे गेला, मी केजला राहिले. दीड वर्ष औषध चाललं. ज्या डॉक्टरने एक सुई दिली नाही म्हणून मी रुसले होते, त्याने मला पुढे रोज एक अशा नव्वद सुया टोचल्या. हमीदाभाभी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, दुपारी अंडं आणि दूध पाठवायच्या. पान मात्र त्याच दिवशी बंद झालं. पहिला महिना तर मला क्षयापेक्षा पानाचंच दुखणं जास्त होतं.

बरी झाल्यावर मी फडात परत गेले, वीस वर्षं गायले, आणि फड मोडला तेव्हा सामान घेऊन केजलाच आले. लोक विचारतात, केसरबाई, तुमचं गाव कोणतं? मी सांगते, ज्या गावात माझा डॉक्टर आहे ते.

तर ही त्यांची पद्धत. ती त्यांना कोणी शिकवली नव्हती, माणसं बघून बघून सापडली होती. बसलेला माणूस डॉक्टरला जे सांगतो, ते घरून पाठ करून आलेलं असतं. खरं दुखणं तो दारात सांगतो, चप्पल घालता घालता, पाठ अर्धी वळलेली असताना. लाज, भीती, घरच्यांचा धाक, सगळं त्या क्षणाला जरा सैल होतं. म्हणून डॉक्टर आधी लिहायचेच नाहीत. उठवायचे, दारापर्यंत जाऊ द्यायचे, आणि कान तिकडे लावून बसायचे.

पण याचा ताप किती! नवीन माणूस अपमान समजून निघून जायचा. सुनेसमोर सासू भडकायची, "आमाला कावून हाकलता? आमी काय फुकट आलोय?" रांग तासभर लांबायची, कारण प्रत्येक माणूस दोनदा आत जायचा. मी स्वतः त्यांना किती वेळा म्हटलं, की डॉक्टर, सरळ सांगा ना लोकांना, की जे खरं ते आधी बोला. तर म्हणायचे, "सांगून बगितलं. मग ते दारातलं बी पाठ करून येतेत."

सुग्रीवचा किस्सा मी बाकावर बसून ऐकला. सुग्रीव शेळ्यामेंढ्यांवाला, पाटोद्याकडून कळप घेऊन आला होता. डॉक्टरांसमोर बसून अर्धा तास शेळीचा खोकला सांगत होता. शेळी कशी खोकते ते करून दाखवत होता. बजरंग दारातून ओरडला, "बे सुग्रीव, जनावराचा दवाखाना पलीकडं हाय!" डॉक्टर शांत. "शेळीला अजून काय होतंय?" "चढावर दमती." "अजून?" "राती घाम येतो तिला." "शेळीला?" "व्हय." डॉक्टर म्हणाले, "बरं, निघ." सुग्रीव उठला, घोंगडी खांद्यावर टाकली, वहाणेत पाय घातला आणि म्हणाला, "डाक्टर, शेळीचं जाऊ द्या. मला बी तसंच व्हतंय."

"ये," डॉक्टर म्हणाले. "शेळीचं झालं, आता मालकाचं बगू."

आणि साखराबाई. ती दोन वर्षं गुडघ्याचं रडगाणं घेऊन यायची. तेल झालं, गोळ्या झाल्या, पट्टा झाला. एक दिवस दारात पायाने चाचपत बराच वेळ चप्पल शोधत राहिली आणि पुटपुटली, "लेकाला सांगू नगा, पन मला दिसंना झालंय." गुडघे दुखत होते ते खाटेला, उंबऱ्याला, जात्याला धडकून धडकून. मोतीबिंदू काढला आणि गुडघे आपोआप बरे झाले. त्या दिवशी डॉक्टर स्वतःवर इतके चिडले होते, की दिवसभर कुणाशी नीट बोलले नाहीत. "दोन वर्षं," एवढंच म्हणत होते. "दोन वर्षं ती चप्पल चाचपत होती आणि मी गुडघा बगत बसलो."

माझा वग बघायला ते जन्मात एकदाच आले. त्यात मी शेवटी विष पिऊन मरायचे. मरताना माझं मोठं भाषण होतं, पाऊण पान. लोक धाय मोकलून रडायचे, शिट्ट्या मारायचे, मला पुन्हा उठून मरायला लावायचे. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात दवाखान्यात गेले. म्हटलं, काय म्हणतात बघू.

"बाई, गाणं झक्कास," म्हणाले. "पन तुमी मरताना लई वेळ लावता."

"म्हणजे?"

"मी सत्तर-ऐंशी मानसं मरताना बगितली. एकानं बी भाषण न्हाई केलं. मरनारा मानूस पानी मागतो, न्हाईतर म्हशीला चारा टाकला का इचारतो. एक आजी मला म्हनली, दाराला कडी लावा, कुत्रं आत येतंय. झालं. तेवढंच."

"मग प्रेक्षक रडणार कसे?"

"ते तुमचं तुमी बगा. मी डाक्टर हाय."

वीस वर्षं मी त्या भाषणात एक ओळ कमी केली नाही, नुसती त्यांच्यावर राग म्हणून.

हमीदाभाभी आठ वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी आफ्रीन अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात डॉक्टर, हृदयाच्या पेशंटचं बघते. ती दर रविवारी यायची आणि दर रविवारी बापलेकीचं भांडण व्हायचं. तिला त्यांच्या पायांवरची सूज दिसत होती. तिचं म्हणणं, एकदा माझ्याबरोबर चला, तपासणी करू, एका दिवसाचं काम. त्यांचं म्हणणं, बसून बसून पाय सुजतात, मला काही होत नाही. हा माणूस ब्याऐंशी वर्षांचा, दवाखाना दोन्ही वेळ चालू, आणि लोकांना सांगायचा की अंगावर काढू नका!

शेवटी एका रविवारी, माझ्यादेखत, आफ्रीनने हात टेकले. "अब्बा, तुमची अट काय आहे ते तरी सांगा."

डॉक्टर म्हणाले, "माझा कायदा सगळ्यांना सारखा. ज्याची तक्रार न्हाई त्याला मी तपासत न्हाई. मी ज्या दिवशी तक्रार करीन, त्या दिवशी तुझ्या गाडीत बसीन. जबान दिली."

आफ्रीन मला बाहेर गाठून म्हणाली, "केसरखाला, मला तर ते काही सांगायचे नाहीत. तुमच्याकडे चहाला येतात ना शुक्रवारी? एक तक्रार काढून घ्या त्यांच्या तोंडून. एकच. मला फोन करा, मी तासाभरात गाडी घेऊन येते. आता उशीर नको व्हायला, खाला. मला भीती वाटते."

मी म्हटलं, एवढंच ना! तीस वर्षं समोर बसलेल्या हजार माणसांना मी हसवलं, रडवलं. एका म्हाताऱ्याच्या तोंडून एक वाक्य काढणं काय मोठं आहे?

सहा शुक्रवार गेले. मी काय काय केलं म्हणून सांगू! मी स्वतः खोकून दाखवलं, दम लागल्याचं सोंग केलं. म्हटलं, ते म्हणतील मलाही होतं. त्यांनी मलाच तपासलं आणि म्हणाले, "नाटक चांगलं हाय, छाती साफ हाय." मी उशी उंच करून झोपते असं सांगितलं, कारण हृदय थकलेल्या माणसाला सपाट झोपलं की दम लागतो, असं आफ्रीनने सांगितलं होतं. ते म्हणाले, "मान आखडंल." मी पाय दुखतात म्हणाले, त्यांनी बजरंगकडून मलम पाठवलं. सहा आठवड्यांत माझ्या घरात अर्धा दवाखाना जमला, आणि त्यांची तक्रार एक नाही. दर शुक्रवारी आफ्रीनचा फोन यायचा, "खाला, काही बोलले?" आणि मी दात ओठ खात सांगायचे, "नाही गं बाई. दगड आहे तुझा बाप."

सातव्या शुक्रवारी ते उशिरा आले. मी पंक्चरच्या दुकानावरच्या खोलीत राहते. बाहेरून अरुंद जिना आहे, सिमेंटचा. नेहमी ते जिना चढतानाच बोलायला सुरुवात करायचे, अर्धी गोष्ट खोलीत शिरायच्या आधी संपलेली असायची. त्या दिवशी न बोलता आले, आणि वर येऊन कठड्याला धरून समोरच्या पत्र्यांकडे बघत उभे राहिले. मी आतून म्हटलं, "आज काय पत्रे मोजताय का?" त्यांनी हातानेच थांब म्हणून खूण केली. मला वाटलं, रस्त्यावर कुणी पेशंट दिसला असेल.

आत बसले. चहा दिला. मी थेटच म्हणाले, "डॉक्टर, आता मला तुमचा कंटाळा आला. एक तक्रार सांगा. काहीही. केस गळतात म्हणा."

"तुमच्या च्यात साखर कमी हाय."

"ही तक्रार?" मी फोन उचललाच.

"ठेवा तो फोन. ही च्याची तक्रार हाय, माझी न्हाई."

मग मी जे बोलायला नको ते बोलले. म्हणाले, "तुमच्यासारखा आडमुठा माणूस मी पाहिला नाही. पोरीचा जीव टांगणीला लावलाय. तिची आई गेली, आता तुम्ही तिला कशाला छळता?" त्यांनी चहा संपवला. कप जमिनीवर ठेवायची त्यांची सवय, तो तिथेच ठेवला आणि उठले.

मी त्यांना दारापर्यंत पोचवायला गेले नाही. रागात होते. मोरीपाशी पाठमोरी बसून कपबशा विसळायला घेतल्या, मुद्दाम जोरात. मागे दारात त्यांनी चप्पल पायात घातली, आणि घालता घालता एक वाक्य बोलले. मी वळून न बघता, नळाच्या आवाजापेक्षा मोठ्याने, एक टोला हाणला. ते हसले. मग त्यांच्या चपलेचा आवाज जिन्यावरून खाली गेला, एक एक पायरी, सावकाश.

शनिवारी सकाळी बजरंग माझ्या दारात आला. सत्तरीचा माणूस, पण लहान पोरासारखा हुंदके देत होता. डॉक्टर पहाटेची, फजरची नमाज पढून खुर्चीत बसले आणि बसलेलेच राहिले.

आफ्रीन आली. माती झाली, सगळं गाव आलं, शेळ्या रस्त्याच्या कडेला सोडून सुग्रीव आला. गर्दी पांगल्यावर तिने मला विचारलं, "खाला, काल काही बोलले होते का? काहीही?" मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "नाही. साखर कमी आहे एवढंच म्हणाले."

आणि ते मला खरंच वाटत होतं, हेच मला सहन होत नाही. त्या वाक्यावर मी विचारच केला नव्हता. बावन्न वर्षांत कोणी बसलं नसेल इतक्या वेळा मी त्या दवाखान्याच्या बाकावर बसले. चप्पल घालतानाचं ऐकायचं असतं, हे साऱ्या केजला माहीत. माझा तर जीवच तेवढ्यावर वाचला. आणि माझ्या स्वतःच्या दारात, ज्या तक्रारीसाठी मी सहा आठवडे सोंगं केली, ती तक्रार झाली तेव्हा मी कपबशा आपटत होते.

चौथ्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होते. मध्येच दम लागला, थांबले, आणि ते वाक्य जसंच्या तसं कानात आलं. पिशवी हातातून सुटली. बटाटे खाली पंक्चरवाल्याच्या दुकानापर्यंत घरंगळत गेले.

चाळिसाव्याच्या दिवशी मी आफ्रीनला सगळं सांगितलं. वाटलं, मला बोलेल. ती एकदम भडकली, पण माझ्यावर नाही. "सरळ बोलता येत नव्हतं का त्यांना? समोर बसून, तोंड उघडून? स्वतः डॉक्टर होते ना?" मी म्हटलं, "तेच म्हणते मी! सहा आठवडे विचारत होते!" मग आम्ही दोघी त्यांना खूप वेळ शिव्या घालत बसलो, ती दखनीत, मी मराठीत. बजरंग चहा घेऊन आला तो दारातूनच परत गेला.

हरिओमला मी सांगितलंय, फ्लेक्स उतरव. तो म्हणतो, खरं काय बोलले ते सांगा, तसं छापतो. सांगते, पण हे फ्लेक्सवर शोभणार नाही, बाबा. यात जनता नाही, सेवा नाही. मीही त्यावर जे उत्तर दिलं ते काही कौतुकाचं नव्हतं. मी म्हणाले, "अकराच आहेत. पटत नसेल तर उतरताना मोजा!" आणि ते हसून मोजत उतरले.

आणि त्याच्या आधी, एक पाय चपलेत आणि एक बाहेर, चौकटीला हात लावून डॉक्टर म्हणाले होते:

"केसरबाई, तुमच्या जिन्याच्या पायऱ्या वाढल्यात काय हो?"